निकटवर्तीचे नाव

एका तालुक्याच्या गावी एक परीक्षक राहत होता. तो पडला तेव्हा मी तिथे नव्हते. दुसरेही कोणी नव्हते, आणि पुढचे सारे त्यातूनच उद्भवले. त्या पडण्याविषयी जे ठाऊक आहे ते त्याने स्वतः सांगितलेले आहे. त्यातले काही लगेच, आणि उरलेले फार उशिरा.

परीक्षकाचे नाव श्रीरंग उपासनी. बाजारात येणारी नवी यंत्रे, म्हणजे फोन, घड्याळे, कानात घालायची बोंडे, घरातल्या दिव्यांना हुकूम सोडणारे डबे, तो आधी वापरून पाही आणि मग त्यांविषयीचे मत आपल्या इंटरनेटवरच्या वाहिनीवर मराठीतून मांडी. या धंद्यातले बहुतेक लोक खोक्यावर छापलेला मजकूर उत्साहाने वाचून दाखवतात आणि त्याला परीक्षण म्हणतात. श्रीरंगला ते मान्य नव्हते. नवा फोन गेल्या वर्षीच्या फोनपेक्षा नखभर पातळ आहे, याला तो बातमी मानत नसे. एखाद्या ॲपने आपल्या अटी बदलल्या की तो त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाची, आणि असे करणारा त्या जिल्ह्यात बहुधा तो एकटाच असावा. ‘वापरल्याशिवाय बोलायचे नाही’ हा त्याचा नियम होता, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास होता तो या नियमामुळेच. गावात कोणी नवा फोन घ्यायला निघाला की बाजारपेठेतला दुकानदार अनीस तांबोळी आधी विचारी, “उपासनी सर काय म्हणाले, बघितलं का?”

कंपन्या त्याला यंत्रे उसनी पाठवीत. दोन आठवडे वापरायची, परीक्षण करायचे आणि खोक्यात भरून परत करायची, अशी त्या धंद्याची रीत आहे. कित्येक परीक्षक यंत्र ठेवून घेतात आणि कंपन्याही त्याकडे कानाडोळा करतात. श्रीरंगने एकही कधी ठेवले नाही. त्यामुळे त्याच्या घरात काहीच जुने होत नसे. एखाद्या यंत्राला त्याच्या आवाजाची ओळख पटू लागे, दिवा कधी मंद करायचा हे कळू लागे, आणि तेवढ्यात कुरियरवाला दारात उभा राही. आई वारली होती. लग्न झाले होते. पत्नी पुण्याला राहायला गेली त्याला काही वर्षे लोटली होती, आणि भांडण असे झालेच नसल्यामुळे समेट करायलाही जागा नव्हती. त्याच्या फोनमध्ये नावे पुष्कळ होती. त्यांतली बहुतेक निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागांतली होती.

त्या वर्षी फोनवरून फसवणुकीच्या बातम्या रोज येत होत्या. कोणी पोलीस असल्याचे सांगून माणसाला त्याच्याच घरात कोंडून घाली, कोणी अडकलेल्या पार्सलची भीती घाली. श्रीरंगने या विषयावर एक भाग केला. अनोळखी क्रमांकाचा फोन उचलू नका, एवढ्यावर तो थांबला नाही. असे फोन वाजूच नयेत अशी सोय फोनमध्ये असते; ती कुठे असते आणि कशी चालू करायची, हे त्याने आपल्याच फोनवर करून दाखवले आणि ती तशीच चालू ठेवली. हा सल्ला योग्य होता. त्यामुळे कित्येकांची फसवणूक टळली, आणि अनीसने त्या भागाचा दुवा आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला.

पुढे काही महिन्यांनी ते घड्याळ आले.

मनगटावरचा माणूस पडला तर ते घड्याळ ओळखत असे. ते आधी त्याला विचारी, “आपण ठीक आहात का?” उत्तर आले नाही तर त्याने नेमून दिलेल्या माणसाला फोन लावून मदत मागे, आणि हे सर्व मराठीत करी. मराठी थोडी सरकारी होती, पण मराठी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी अशा यंत्राची गरज खरी होती. दिवाणखान्यातल्या दिव्याचा रंग बदलणाऱ्या यंत्रांविषयी असे म्हणता येत नाही, आणि म्हणून श्रीरंगला त्याचे अप्रूप वाटले.

घड्याळ चालू करताच त्याने प्रश्न विचारले. नाव, वय, वजन, रक्तगट. मग: ‘आपल्या निकटवर्तीचे नाव व क्रमांक भरा.’ ही जागा रिकामी ठेवून पुढे जाता येत नव्हते.

श्रीरंगने फोनमधली नावे खाली सरकवली आणि पुन्हा वर आणली. पत्नीचे नाव अजून तिथे होते. तिचा क्रमांक भरला असता तर ती पुण्यात एखाद्या बैठकीत असताना तिला सांगितले गेले असते की श्रीरंग पडला आहे, आणि तिला आधी घाबरावे लागले असते आणि मग हे केवळ परीक्षण आहे हे समजल्यावर काय करावे ते सुचले नसते. भाऊ परदेशात होता. अनीसचे नाव त्याला सुचले. पण दुकानदाराला निकटवर्ती म्हणणे त्याला विचित्र वाटले. शेवटी त्याने परीक्षणासाठी वापरायच्या दुसऱ्या फोनचा क्रमांक भरला. नावाच्या जागी लिहिले: श्रीरंग.

मग त्याने जमिनीवर गादी टाकली, घड्याळ बांधले आणि तो पडला. घड्याळाने विचारले, ठीक आहात का? तो बोलला नाही. मेजावरचा दुसरा फोन वाजू लागला. तो उठला, मेजापाशी गेला आणि त्याने फोन उचलला. घड्याळाच्या आवाजातली बाई म्हणाली, “श्रीरंग उपासनी पडलेले आढळले आहेत. आपण त्यांचे निकटवर्ती आहात.”

“बरं,” श्रीरंग म्हणाला. ऐकायला तिथे माणूस नव्हते, तरी म्हणाला.

तो कुशीवर पडला, पाठीवर पडला, खुर्चीवरून घसरला. दर वेळी फोन लागला आणि दर वेळी तो उचलला गेला. परीक्षणात त्याने हे सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, “मी स्वतः पडून पाहिलं आहे. हाक पोहोचते. एकट्या राहणाऱ्यांनी हे घड्याळ निःशंक घ्यावं.” निःशंक हा शब्द तो सहसा वापरत नसे. दोन आठवड्यांनी घड्याळ खोक्यात गेले.

त्याच गावात, नदीपलीकडच्या वसाहतीत, हंसाबाई कारखानीस राहत होत्या. मुलींच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी आयुष्यभर शिवण आणि कापणी शिकवली होती. लग्न केले नव्हते. एक भाचा होता, हैदराबादला, तो दिवाळीला फोन करी आणि दर वेळी म्हणे, “मावशी, आता एकटं राहणं पुरे. इकडे या.” हैदराबादला जाणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या एका पलंगावर जाणे, हे हंसाबाईंना स्पष्ट दिसत होते. त्यांना आपल्या घरात राहायचे होते. त्या घरात शिवणयंत्र होते, परसात धुण्याचा दगड होता आणि संध्याकाळी श्रीरंग उपासनी होता.

त्या त्याचा प्रत्येक भाग पाहत आणि खाली अभिप्राय लिहीत. यंत्राविषयी त्या फारसे लिहीत नसत. ‘कॉलरची डावी बाजू उचलली गेली आहे. शिंप्याने आत कापड कमी धरले,’ असे लिहीत. किंवा, ‘आज आवाज बसला होता. हळदीचे दूध घ्यावे.’ श्रीरंग उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकी. दोघांच्या घरांत एका पुलाचे अंतर होते. ती दोघे कधी भेटली नव्हती.

घड्याळाचा भाग पाहून हंसाबाई अनीसच्या दुकानी गेल्या. घड्याळ त्यांच्या फोनशी जोडून देताना अनीसने विचारले, “निकटवर्ती कोण टाकू, बाई?”

“कोण म्हणजे?”

“तुम्ही पडलात तर फोन कुणाला लावायचा?”

“मी पडणार आहे हे तू ठरवूनच टाकलंस का?”

“तसं नाही हो. ते विचारतंय, मी नाही. भाच्याचा टाकू?”

“हैदराबादहून येईपर्यंत मी उठून एक ब्लाउज शिवून टाकीन. आणि पडले हे त्याला कळलं की तो मला घेऊनच जाईल. त्याला नको. उपासनींचा टाक.”

“परीक्षण करणारे उपासनी सर?” अनीस हसला. “ते तुमचे कोण, बाई?”

“रोज संध्याकाळी माझ्याशी बोलतात. तू बोलतोस का? क्रमांक त्यांनी स्वतःच दिलाय खाली. ‘काही अडचण आली तर कळवा.’ पडणं ही अडचण नाही का?”

दुकानात गिऱ्हाइके होती. ती हसली. अनीसही हसत हसत क्रमांक भरू लागला. उपासनी सरांना हे सांगायला हवे, असे त्याच्या मनात आले होते. मग एक बाई फुटलेल्या काचेचा फोन घेऊन आली आणि ते राहून गेले.

पौषातल्या एका दुपारी हंसाबाई परसात कपडे काढायला गेल्या आणि धुण्याच्या दगडावर त्यांचा पाय सटकला. त्या पडल्या त्या कमरेवर. घड्याळाने विचारले, “आपण ठीक आहात का?” हात अंगाखाली होता. त्या “नाही” असे म्हणाल्या. ते घड्याळाला ऐकू गेले की नाही हे सांगता येत नाही, पण त्याने आपले काम केले. त्याने श्रीरंगला फोन लावला. तो उचलला गेला नाही म्हणून पुन्हा लावला, आणि पुन्हा.

हंसाबाईंचा क्रमांक श्रीरंगच्या फोनात नव्हता. फोन मेजावर पालथा पडला होता. तो वाजला नाही, थरथरला नाही, उजळलाही नाही. श्रीरंग त्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभा राहून एका नव्या फोनविषयी बोलत होता. एवढे पैसे घेऊन कंपनी साधा चार्जरसुद्धा देत नाही, अशी त्याची रास्त तक्रार होती.

घड्याळाच्या लेखी निरोप गेला होता. ते गप्प झाले. हंसाबाई दगडापाशी पडून राहिल्या. दोरीवरच्या चादरीची सावली त्यांच्या अंगावरून सरकत गेली. दुपारचा डबा ओट्यावर तसाच होता. त्यांना रोज दोन वेळचा डबा पोहोचवणारी शोभा संध्याकाळी आली तेव्हा तिला तो दिसला, तिने दोनदा हाका मारल्या आणि ती घराला वळसा घालून परसात गेली. त्या दिवशी डबा पोहोचवणारी बाई नवी असती तर तिने भरलेल्या डब्याशेजारी दुसरा ठेवला असता.

कमरेचे हाड मोडले होते. दवाखान्यातून अनीसला फोन गेला, कारण घड्याळाच्या पट्ट्यावर त्याच्या दुकानाचा शिक्का होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगच्या दारात उभा राहिला.

“सर, तुमचा फोन कुठंय?”

“आत आहे. का रे?”

“आणा. बघा काल दुपारचं.”

श्रीरंगने फोन आणला. न वाजलेल्या फोनांची नोंद कुठे असते हे त्याला ठाऊक होते. त्याने ती लोकांना दाखवली होती, पण स्वतः कधी पाहिली नव्हती. तिथे एकच क्रमांक एकाखाली एक उभा होता.

“कारखानीस बाईंचा आहे,” अनीस म्हणाला. “घड्याळात तुमचा नंबर टाकायला त्यांनी सांगितलं. टाकला मीच.”

“माझा? मला न विचारता?”

“तुम्हाला सांगायचं राहिलं सर. ती चूक माझी, मी मान्य करतो. पण तुम्ही म्हणाला होतात ना, हाक पोहोचते?”

“पोहोचली,” श्रीरंग म्हणाला. “घड्याळाने फोन लावला आहे. नोंद आहे इथे.”

अनीस पायरी उतरू लागला. “बाई चार-पाच तास उन्हात पडून होत्या, सर. मी चाललो दवाखान्यात. तुम्ही नोंद वाचत बसा.”

श्रीरंगने घड्याळाच्या कंपनीला फोन केला. तिथला तरुण अत्यंत अदबीने बोलला. “सर, तुमचं परीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. डिव्हाइसनं त्याचं काम केलं. ग्राहकानं कॉन्टॅक्ट चुकीचा टाकला, त्याला आपण काय करणार?” हे खरे होते. घड्याळात दोष नव्हता. अनोळखी फोन गप्प करणाऱ्या सोयीतही दोष नव्हता. श्रीरंगने दोन्हींचे वेगवेगळे परीक्षण केले होते आणि दोन्ही बरोबर होती. त्या दिवशी तो जेवला, आणि उरलेले काम संपवत बसला. तिसऱ्या दिवशी मात्र तो पूल ओलांडून दवाखान्यात गेला.

हंसाबाई उताण्या पडल्या होत्या. त्यांनी मान वळवून आधी त्याची कॉलर पाहिली.

“पडद्यावर उंच वाटता,” त्या म्हणाल्या. “बसा. ते स्टूल डगमगतं, सांभाळून. इथं दोघं नकोत.”

तो बसला. काय म्हणायचे ते तो पुलावर ठरवून आला होता, पण त्यातले पहिले वाक्य त्याला आठवेना.

“तुम्ही माझा क्रमांक का भरलात?” त्याने विचारले.

“दुसरा नव्हता म्हणून. सोपं आहे.” मग थोड्या वेळाने, “उपासनी, मी तो भाग परत पाहिला. इथं दुसरं काय करणार? तुम्ही म्हणालात, मी पडलो, फोन लागला, फोन उचलला गेला.”

“हो.”

“कुणी उचलला?”

 शेजारच्या पलंगावरच्या बाईने कूस बदलली.

“नाव सांगितलं नाहीत तुम्ही,” हंसाबाई म्हणाल्या. “बायकोनं, भावानं, मित्रानं, कुणीतरी म्हणालं असतंत. मला वाटलं, घरचं माणूस आहे, कशाला नाव घ्या.”

“मीच उचलला,” श्रीरंग म्हणाला. “दुसरा फोन होता. त्याच खोलीत.”

हंसाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग त्यांना हसू आले. हसताना कंबर दुखली, म्हणून त्या कण्हल्या, आणि कण्हता कण्हता पुन्हा हसल्या.

“म्हणजे अहो, आपण दोघांनी एकाच माणसाचा नंबर टाकला की! आणि तो माणूस फोन उचलत नाही.”

श्रीरंगला हसता आले नाही. “चूक दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “दोन्ही सोयी एकत्र वापरायच्या नाहीत, हे सांगतो सगळ्यांना.”

“ते सांगाच. पण ती चूक यंत्राची झाली. तुम्ही पडलात तेव्हा तुम्हाला नाव सुचलं नाही, ते सांगाल का?”

“त्याचा परीक्षणाशी संबंध काय?”

“ज्यांच्यासाठी ते घड्याळ आहे ना उपासनी, ती सगळी त्याच एका जागेपाशी अडणार. मी अडले. तुम्हीही अडलात, आणि पुढे म्हणालात, निःशंक घ्या.” त्या दमल्या होत्या. “मी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की मला कुणी नाही. लोक हसले. हसले तर हसले. तुमची एवढी काय शान जाते?”

भाचा येऊन पोहोचला होता. तो बाहेर कागदांवर सह्या करीत होता. हंसाबाई बऱ्या होतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एकट्या राहू शकणार नाहीत, असेही सांगितले होते. घर बंद होणार होते. शिवणयंत्र कोणाला द्यायचे, एवढेच ठरायचे होते.

श्रीरंगने घरी येऊन दुरुस्तीचा भाग चित्रित केला. अनोळखी फोन गप्प करणारी सोय चालू असेल तर असे घड्याळ निरुपयोगी ठरते. ज्याचा क्रमांक भराल त्याला आधी विचारा आणि तुमचा क्रमांक त्याच्या फोनात साठवायला सांगा. महिन्यातून एकदा पडून पाहा. भाग नेमका होता, उपयुक्त होता, आणि त्यात एकही वाक्य खोटे नव्हते. तेवढाच त्याने प्रसिद्ध केला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. त्याच्या नियमातही तो बसत होता.

त्याने तो पाहिला आणि प्रसिद्ध केला नाही. बराच वेळ कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागलेला राहिला आणि समोर तो नुसता बसून होता. कंपनीच्या चुका सांगताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. मग त्याने पुन्हा सुरुवात केली. आधीचे सर्व सांगून झाल्यावर तो म्हणाला:

“आणखी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. घड्याळाने निकटवर्तीचं नाव विचारलं, तिथे मी माझंच नाव लिहिलं. लिहायला दुसरं नव्हतं. जो फोन उचलला गेला तो मीच उचलला होता. मी म्हणालो की हाक पोहोचते. माझी हाक खोलीच्या बाहेर गेली की नाही हे मला माहीत नाही, कारण मी ती बाहेर पाठवून पाहिलीच नाही. निःशंक हा शब्द मी मागे घेतो. माझ्या शब्दावर विसंबून एक बाई दुपारभर उन्हात पडून होत्या.”

इंटरनेटवर अशा कबुलीचे जे होते ते झाले. कोणी रडणारी तोंडे पाठवली, कोणी ‘लग्न जुळवून देऊ का’ असे विचारले, आणि एका प्रतिस्पर्ध्याने तेवढाच तुकडा कापून वर विनोदी संगीत घातले. दोन कंपन्यांनी यंत्रे पाठवणे थांबवले. कारण दिले नाही. हंसाबाईंनी हैदराबादहून लिहिले, ‘ठीक. मागचा पडदा बदला.’ त्यानंतर त्यांचे अभिप्राय आधी कमी झाले आणि मग थांबले. भाच्याने एकदा कळवले की मावशी बऱ्या आहेत, पण फोन हातात धरायचा कंटाळा करतात.

पण त्या भागाखाली आणखीही काही लोकांनी लिहिले होते. त्यांनी विनोद केला नव्हता. कोणी म्हणत होते, सर, आम्हीही तुमचाच नंबर टाकला आहे. कोणी म्हणत होते, तुमची हरकत नसेल तर राहू द्यावा, उचलला नाहीत तरी चालेल. श्रीरंगने प्रत्येकाला लिहून त्यांचे क्रमांक मागवले आणि आपल्या फोनात नावांसह साठवले. ज्यांनी लिहिले नव्हते त्यांचे काय? त्याने कंपनीला विचारले, माझा क्रमांक आणखी कोणाच्या घड्याळात आहे ते सांगा. कंपनीने उत्तर दिले की ती ग्राहकांची खासगी माहिती असून देता येत नाही. ग्राहकांची खासगी माहिती उघड करू नये, असे श्रीरंगनेच कित्येक भागांतून ठासून सांगितले होते, आणि तो त्यावर आजही ठाम आहे.

त्याने अनोळखी फोन गप्प करणारी सोय बंद केली. आता तो प्रत्येक फोन उचलतो. लबाड लोकांना हे लवकर कळले. पार्सल अडकले आहे, वीज तोडली जाईल, मुलगा पकडला गेला आहे, असे सांगणारे फोन दिवसभर येतात. श्रीरंग प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारतो, “पडलात का?” एकदा एक खोटा फौजदार गोंधळून म्हणाला, “कोण पडलं?” आणि मग बराच वेळ फोन ठेवायला विसरला.

फाल्गुनात एका दुपारी असाच एक अनोळखी क्रमांक वाजला. श्रीरंगने उचलला. ती बाई आपल्या सरकारी मराठीत म्हणाली, “आई पडलेले आढळले आहेत. आपण त्यांचे निकटवर्ती आहात.”

एवढेच. ठिकाण तिने सांगितले नाही. ठिकाण कळवण्याची घड्याळातली सोय बंद असावी. श्रीरंगने त्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन लावला. आधी नुसती घंटा वाजत राहिली, आणि संध्याकाळी फोन बंद असल्याचे सांगण्यात आले. तो अनीसला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. ठाण्यातल्या हवालदाराने तक्रार नीट लिहून घेतली आणि शोधही घेतला. सिमकार्ड ज्या गृहस्थांच्या नावावर होते ते काही वर्षांपूर्वी वारले होते. नोंदवलेला पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला होता, आणि त्या पत्त्यावरची घरे रस्ता रुंद करताना पाडली गेली होती. तिथली माणसे कुठे गेली हे आजूबाजूला कोणाला सांगता आले नाही.

घड्याळात ‘आई’ हे नाव मुलाने किंवा मुलीने भरले असणार. स्वतःला कोणी तसे लिहीत नाही. मग निकटवर्तीच्या जागी आधी त्या मुलाचा किंवा मुलीचाच क्रमांक असला पाहिजे, आणि तो काढून तिथे श्रीरंगचा दुसऱ्याच कोणीतरी घातला असला पाहिजे. बहुधा त्या आईनेच. हा केवळ तर्क आहे. ती खरोखर पडली होती, की घड्याळ मेजावरून घसरले होते, तिला कोणी उचलले की नाही, आणि ती कोणाची आई होती, हे अजून कळलेले नाही.

तात्पर्य: ज्याने हाक केवळ स्वतःलाच मारून पाहिली आहे, त्याने ती ऐकू जाते अशी ग्वाही दुसऱ्याला देऊ नये.